खरवडल्यावर स्वच्छ कसं होतं? धुरकट हेडलाइट आणि लॉर्ड रॅले

सात-आठ वर्षं जुनी आणि कायम उघड्यावर उभी राहणारी एखादी कार समोरून बघा. रंग बरा असतो, टायर बदललेले असतात, पण हेडलाइट मात्र मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांसारखे दिसतात. पिवळट, धुरकट. दिवसा हा फक्त दिसण्याचा प्रश्न वाटतो. रात्री दुभाजक नसलेल्या दोन पदरी रस्त्यावर पाऊस सुरू झाला की तोच प्रश्न जिवावरचा होतो. आपल्याला लांबचं दिसत नाही, आणि आपला विखुरलेला प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

यावरचा उपाय तुम्ही गॅरेजमध्ये पाहिला असेल. कारागीर हेडलाइटवर पाणी मारतो आणि चक्क वॉटर पेपरने घासायला लागतो. आधीच खराब दिसणारी काच आणखी पांढरी होते. मग अजून बारीक पेपर, मग त्याहून बारीक, शेवटी पॉलिश. अर्ध्या-पाऊण तासात आरपार दिसायला लागतं. ओरखडे पडलेली वस्तू आणखी ओरखडून स्वच्छ कशी काय होते?

हा प्रश्न डोक्यात घेऊन वाचत गेलो, तेव्हा मला सगळ्यात समाधानकारक उत्तर एका अशा माणसाकडे सापडलं, ज्याने प्लॅस्टिकचा हेडलाइट आयुष्यात कधीच पाहिला नाही. जॉन विल्यम स्ट्रट, म्हणजे तिसरे लॉर्ड रॅले. आकाश निळं का दिसतं याच्या उत्तरात त्यांचं नाव आपण शाळेत ऐकलेलं असतं. पण तेवढ्यावर थांबलो तर फार मोठा भाग सुटतो. म्हणून आज त्यांचं आयुष्य सांगतो, आणि हेडलाइट सोबत ठेवतो.

जमीनदाराचा आजारी मुलगा

रॅले यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८४२ चा, इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातला. घराणं मोठ्या जमिनीचं. थोरला मुलगा असल्यामुळे पुढे वडिलांची पदवी आणि इस्टेट त्यांच्याकडेच येणार होती. अशा घरातल्या थोरल्याने काय करायचं हे ठरलेलं असे: शेतीवर देखरेख, शिकार, लंडनला सभागृहात हजेरी. संशोधन करणं त्या यादीत नव्हतं.

त्यात तब्येत नाजूक. ईटन आणि हॅरो या नामांकित शाळांमध्ये त्यांना घातलं, पण दोन्हीकडे आजारपणामुळे टिकता आलं नाही. पुढचं शिक्षण एका पाद्री शिक्षकाकडे खाजगीत झालं. १८६१ मध्ये ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. तिथे एडवर्ड रूथ यांच्याकडे गणिताची कसून तयारी झाली. आणि प्रकाशावरचे प्रयोग करून दाखवत शिकवणाऱ्या जॉर्ज स्टोक्स यांची व्याख्यानं ऐकायला मिळाली. १८६५ मध्ये ते गणिताच्या अवघड परीक्षेत पहिले आले.

गणितात पहिला आलेला माणूस कागदावरच रमेल असं कुणालाही वाटलं असतं. रॅले यांना हाताने प्रयोग करायचे होते. त्या काळी केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांना प्रयोग करायला धड प्रयोगशाळाच नव्हती. शेवटी अमेरिकेचा दौरा करून परतल्यावर, १८६८ मध्ये, त्यांनी स्वतःच्या पैशाने उपकरणं घेतली आणि घरीच सुरुवात केली. छंद म्हणून सुरू झालेलं हे काम पुढे पन्नास वर्षं चाललं.

आकाशाचा निळा, हेडलाइटचा पांढरा

१८७१ हे वर्ष त्यांच्यासाठी दोन कारणांनी मोठं. एक, एव्हलिन बॅलफोर यांच्याशी लग्न. एव्हलिन यांचा भाऊ आर्थर पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झाला. दुसरं, आकाशाच्या रंगावरचा त्यांचा शोधनिबंध.

त्यात त्यांनी असं दाखवलं की प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कण असतील, तर ते प्रकाश विखुरतात, आणि तरंगलांबी जितकी कमी तितकं विखुरणं जास्त. किती जास्त? चौथ्या घाताने. निळ्याची तरंगलांबी ४५० नॅनोमीटर आणि लालची ७०० धरली, तर निळा प्रकाश जवळपास सहापट जास्त विखुरतो. म्हणून वर बघितलं की निळं दिसतं. हे कण कोणते, याचा विचार ते पुढेही करत राहिले. १८९९ मध्ये त्यांनी मांडलं की धूळबिळ काही लागत नाही, हवेचे रेणूच या कामाला पुरेसे आहेत.

आता हेडलाइटकडे या. इथेही प्रकाश विखुरतो, मग हेडलाइट निळा का दिसत नाही? कारण त्याच्या पृष्ठभागावरचे खड्डे आणि बारीक भेगा रेणूंसारख्या लहान नसतात. त्या तरंगलांबीएवढ्या किंवा त्याहून मोठ्या असतात. अशा मोठ्या अडथळ्यांपुढे रॅले यांचा चौथ्या घाताचा नियम लागू होत नाही. सगळे रंग साधारण सारखेच विखुरतात, म्हणून दुधासारखा, ढगासारखा पांढुरका रंग दिसतो. वरचा पिवळेपणा मात्र वेगळा. उन्हातल्या अतिनील किरणांनी प्लॅस्टिकची रासायनिक रचना मोडते, आणि तयार झालेले नवे पदार्थ निळा प्रकाश शोषतात. म्हणजे धुरकटपणा हा आकाराचा प्रश्न आहे, पिवळेपणा हा रसायनाचा. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

नाईलवरची नाव

लग्नानंतर वर्षभरात, १८७२ मध्ये, रॅले यांना संधिवाताच्या तापाने गाठलं. वाचतील की नाही अशी परिस्थिती होती. थंडी टाळायला म्हणून नवरा-बायको इजिप्तला गेले आणि नाईल नदीत नावेवर राहिले. हाताशी प्रयोगशाळा नाही, ग्रंथालय नाही. तिथे त्यांनी ध्वनीवरचं पुस्तक लिहायला घेतलं. त्याचे दोन खंड १८७७ आणि १८७८ मध्ये आले आणि आजही ध्वनिशास्त्रातला तो मूलभूत ग्रंथ मानला जातो.

परत आले आणि १८७३ मध्ये वडील गेले. तिसाव्या वर्षी ते लॉर्ड झाले. टर्लिंग गावची हजारो एकर जमीन गळ्यात पडली. तीन वर्षं त्यांनी ती सांभाळलीही. १८७६ मध्ये मात्र धाकटा भाऊ एडवर्ड याच्याकडे शेतीचा कारभार दिला आणि स्वतः टर्लिंगच्या वाड्यातल्या प्रयोगशाळेत शिरले. एडवर्ड या कामात निष्णात निघाला, इस्टेटीतला दूधधंदा पुढे मोठा झाला. दोघा भावांनी आपापल्या आवडीचं काम वाटून घेतलं, इतकं साधं ते होतं.

प्रयोगशाळा साधीच होती. लाख, दोरा, काचेच्या नळ्या आणि घरी जुळवलेली उपकरणं. जिथे अचूकता लागायची तेवढ्याच जागी खर्च, बाकी सगळं जुगाड. आमच्या क्षेत्रात याला चांगलं इंजिनीयरिंग म्हणतात.

केंब्रिजची पाच वर्षं

१८७९ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल अकाली गेले आणि केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेचं प्रमुखपद रिकामं झालं. त्या सुमारास इंग्लंडमध्ये शेतीत मंदी होती आणि जमीनदारांचं उत्पन्न घटलं होतं. रॅले यांनी पद स्वीकारलं त्यामागे हेही एक कारण होतं.

पाच वर्षांत त्यांनी दोन मोठी कामं केली. प्रयोग शिकवायची शिस्त लावली, आणि १८८२ मध्ये प्रयोगशाळेचे वर्ग मुलींना मुलांच्या बरोबरीने खुले केले. दुसरं काम विजेच्या एककांचं. ओहम, अँपियर, व्होल्ट यांची किंमत नेमकी किती, हे पुन्हा मोजून काढण्याचं अत्यंत चिकट काम. यात त्यांच्या सोबत होत्या त्यांच्या मेहुणी, एलिनॉर सिजविक. शोधनिबंधांवर दोघांची नावं आहेत.

१८८४ मध्ये त्यांनी पद सोडलं आणि टर्लिंगला परतले. त्या जागेवर तरुण जे. जे. थॉमसन आले, ज्यांनी पुढे इलेक्ट्रॉन शोधला.

जुनी काच जास्त आरपार?

१८८६ मधलं त्यांचं एक काम फार कमी लोकांना ठाऊक असतं. ते काचेच्या पृष्ठभागावरून किती प्रकाश परत फिरतो हे मोजत होते. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परततो. रॅले यांनी जुन्या, हवेने किंचित डागाळलेल्या काचा मोजल्या, तर त्या अपेक्षेपेक्षा कमी प्रकाश परतवत होत्या. म्हणजे डागाळलेल्या काचेतून नव्या काचेपेक्षा जास्त प्रकाश आत जात होता! त्याच काचा पुन्हा पॉलिश केल्यावर परतणारा प्रकाश वाढला.

कारण असं, की हवेतल्या रासायनिक क्रियेने काचेवर एक अतिशय पातळ थर तयार झाला होता. त्याचा अपवर्तनांक हवा आणि काच यांच्या मधला. हवेतून एकदम काचेत उडी मारण्याऐवजी प्रकाशाला मध्ये एक पायरी मिळाली, म्हणून कमी प्रकाश परत फिरला. आज चष्म्यावर आणि कॅमेऱ्याच्या भिंगांवर जो परावर्तनविरोधी थर देतात, त्याच्या इतिहासाची सुरुवात इथून सांगतात.

यातून एक गोष्ट निघते. पृष्ठभाग बदलला म्हणजे बिघडलाच असं नाही. बदल किती जाडीचा आणि किती एकसारखा आहे यावर सगळं ठरतं. गुळगुळीत पातळ थर मदत करतो, तर खडबडीत आणि भेगा पडलेला थर आडवा येतो.

अर्ध्या टक्क्याची गोष्ट

रॅले यांच्या स्वभावाची खरी ओळख आरगॉनच्या शोधात होते. १८९२ च्या सुमारास ते वायूंची घनता मोजत होते. हवेतून मिळवलेला नायट्रोजन आणि रासायनिक संयुगांतून मिळवलेला नायट्रोजन, दोन्ही एकच असायला हवेत. पण वजन जुळेना. हवेतल्या नायट्रोजनचं वजन लिटरला १.२५७२ ग्रॅम, रासायनिक नायट्रोजनचं १.२५०५. फरक अर्ध्या टक्क्याचा.

आमच्या कामात असा आकडा दिसला की राउंडिंगचा घोळ म्हणून तिकीट बंद करायचा मोह होतो. रॅले यांनी उलट केलं. सुरुवातीला सापडलेला फरक तर याहूनही लहान, हजारात एक एवढाच होता. तो कमी कसा करता येईल हे बघण्याऐवजी तो वाढवता कसा येईल हे त्यांनी बघितलं. पद्धत बदलली, तसा फरक वाढून दोनशेत एक झाला. चूक असती तर ती इतक्या शिस्तीत वाढली नसती. त्यांनी मासिकात पत्र लिहून इतर शास्त्रज्ञांना जाहीरपणे विचारलं की याचं कारण काय असेल. विल्यम रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञाने यात लक्ष घातलं, आणि ऑगस्ट १८९४ मध्ये दोघांनी नवा वायू सापडल्याचं जाहीर केलं. हवेचा जवळपास एक टक्का भाग असलेला आरगॉन तोवर कुणाला माहीतच नव्हता.

रॅम्झी यांनी मॉरिस ट्रॅव्हर्स यांच्यासोबत याच कुटुंबातला झेनॉन १८९८ मध्ये वेगळा केला. काही महागड्या गाड्यांच्या दिव्यांवर ज्याचं नाव वाचायला मिळतं, तोच हा. १९०४ मध्ये रॅले यांना भौतिकशास्त्राचं आणि रॅम्झी यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रॅले यांनी बक्षिसाची रक्कम केंब्रिज विद्यापीठाला देऊन टाकली.

पॉलिश म्हणजे नेमकं काय

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रॅले १८८७ पासून प्राध्यापक होते आणि तिथे सर्वसामान्यांसाठी व्याख्यानं देत. १९०१ मध्ये त्यांनी एका अगदी घरगुती वाटणाऱ्या विषयावर व्याख्यान दिलं: पॉलिश.

न्यूटनपासून चालत आलेली समजूत अशी होती की पॉलिश म्हणजे आणखी बारीक घासणं. आधी मोठे ओरखडे, मग लहान, मग इतके लहान की डोळ्यांना दिसत नाहीत. रॅले यांनी पॉलिश होत असलेली काच टप्प्याटप्प्याला सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि वेगळंच दिसलं. घासलेली काच म्हणजे डोंगर आणि दऱ्या. पॉलिश सुरू झालं की आधी फक्त डोंगरांच्या माथ्यांना धक्का लागतो. पण जिथे धक्का लागतो तिथे सुरुवातीपासूनच पूर्ण गुळगुळीत सपाटी तयार होते, अर्धवट नाही. पुढचं पॉलिश त्या सपाटीला आणखी चकचकीत करत नाही, ती फक्त पसरत जाते. माथे झिजत खाली येतात, सपाट भाग एकमेकांना मिळतात, आणि सगळ्यात खोल दरी संपली की काम संपतं. किती काच गेली हेही त्यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाने मोजलं. ती जाडी प्रकाशाच्या मोजक्याच तरंगलांबींएवढी भरली.

यावरून त्यांचं मत झालं की घासताना काचेचे कपचे उडतात, पण पॉलिश करताना पदार्थ जवळपास रेणूंच्या पातळीवर निघतो. या मताला पुढे जॉर्ज बाइल्बी यांनी आव्हान दिलं. त्यांच्या मते वरचा थर वाहून दऱ्यांमध्ये पसरतो. हा वाद बराच काळ चालला. पण डोंगर-माथ्यांचं चित्र गॅरेजमध्ये आजही उपयोगी आहे.

दुसरा प्रश्न, किती गुळगुळीत म्हणजे गुळगुळीत? रॅले यांचं उत्तर असं: पूर्ण सपाट पृष्ठभाग लागतच नाही. माथ्यावरून गेलेला किरण आणि दरीतून गेलेला किरण यांच्या मार्गात पाव तरंगलांबीपेक्षा कमी फरक पडला, तर प्रकाशाच्या दृष्टीने तो पृष्ठभाग सपाटच. ओरखडा आहे की नाही हे आपला डोळा किंवा बोट ठरवत नाही. प्रकाशाची तरंगलांबी ठरवते.

हेडलाइटवर हिशोब

हाच नियम हेडलाइटला लावून बघू. पूर्वी अॅम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनीचा हेडलाइट खऱ्या काचेचा असे. आता तो पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचा असतो. हलकं, हवा तसा आकार देता येतो, दगड लागला तरी सहजी फुटत नाही. पण ते मऊ असतं आणि अतिनील किरणांपुढे टिकत नाही. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कठीण संरक्षक थर देतात. उन्हाने, धुळीने हा थर खराब झाला की धुरकटपणा सुरू होतो.

पॉलिकार्बोनेटचा अपवर्तनांक साधारण १.५८, हवेचा १. फरक ०.५८. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा, त्याचा पाव भाग साधारण १३७. त्याला ०.५८ ने भागलं की दरीची खोली येते साधारण २३५ नॅनोमीटर. म्हणजे दऱ्या याहून कितीतरी उथळ झाल्या की हेडलाइट स्वच्छ दिसेल. तुलनेसाठी, ८०० नंबरच्या पेपरचा कण साधारण २२ मायक्रॉनचा असतो आणि २००० नंबरचा १० मायक्रॉनचा. १० मायक्रॉन म्हणजे १०,००० नॅनोमीटर. ओरखडा कणाएवढा खोल नसतो हे खरं, तरी फक्त पेपर घासून स्वच्छ हेडलाइट का मिळत नाही हे यावरून कळेल. शेवटचा पल्ला पॉलिशलाच गाठावा लागतो.

आता पाणी मारून बघा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. दऱ्यांमध्ये पाणी भरलं की फरक उरतो ०.२५, आणि चालणारी खोली होते साधारण ५५० नॅनोमीटर. दुपटीहून जास्त सवलत. म्हणून धुताना हेडलाइट एकदम नवा दिसतो आणि वाळला की पुन्हा जैसे थे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी कुणाचाही हेडलाइट बघायचा झाला तर आधी हीच चाचणी करतो. पाण्याने स्वच्छ दिसला, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा आहे आणि घासून काम होईल. पाण्यानेही धुरकटच राहिला, तर दोष आत आहे: आतून ओल धरली असेल किंवा भेगा खोलवर गेल्या असतील. तिथे बाहेरून कितीही घासा, उपयोग नाही. पाण्याने आरपार दिसतो पण पिवळा राहतो, तर तो रसायनाचा भाग. तो थरच घासून काढावा लागतो.

रॅले यांच्या चित्रावरून गॅरेजमधली शिस्तही समजते. बाजूच्या रंगाला मास्किंग टेप लावून, भरपूर पाण्यासोबत, आधी जाड पेपरने खराब झालेला थर पूर्ण काढायचा. अर्धवट थर राहिला तर शेवटी डाग दिसतात. मग प्रत्येक पुढच्या पेपरने मागच्या पेपरच्या दऱ्या संपवायच्या. एखादी पायरी गाळली, तर खोल दऱ्या तशाच राहतात आणि पॉलिश फक्त माथे सपाट करत बसतं. वरून चकाकी येते, पण दिवा लावला की रेषा उजळतात. आणखी एक फरक लक्षात ठेवा: रॅले काचेवर काम करत होते, आपण प्लॅस्टिकवर करतोय. बफिंग मशीन एका जागी दाबून धरलं तर उष्णतेने पृष्ठभाग खराब होतो.

टूथपेस्ट लावून चमकवण्याचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. टूथपेस्टमध्ये बारीक अपघर्षक असतं, त्यामुळे माथे थोडे झिजतात आणि फरकही दिसतो. पण पॉलिश कितीही चांगलं केलं, तरी ते फक्त आकाराचा प्रश्न सोडवतं. कारखान्यातला संरक्षक थर निघून गेलेला असतो आणि खाली उघडं पॉलिकार्बोनेट उन्हात उभं असतं. काही महिन्यांत पुन्हा पिवळं. म्हणून शेवटी अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट द्यायलाच हवा. कारागीर पॉलिशवर थांबत असेल तर पैसे देण्याआधी कोटबद्दल विचारा. या कोटाचा अपवर्तनांक प्लॅस्टिकच्या बराच जवळ असतो, त्यामुळे उरलेल्या बारीक दऱ्या तो भरूनही काढतो. पाणी जे दोन मिनिटांसाठी करतं, तेच काम कोट कायमचं नाही तरी बराच काळ करतो.

शेवटची वर्षं

१८९६ पासून रॅले इंग्लंडच्या दीपगृहांची व्यवस्था पाहणाऱ्या ट्रिनिटी हाउसचे वैज्ञानिक सल्लागार होते. धुक्यात जहाजाला दिवा दिसावा, भोंगा ऐकू जावा, हे त्यांच्या कामात आलं. लॉर्ड रॅले हे नाव आज भूकंपाच्या लाटांना, दुर्बिणीच्या क्षमतेच्या नियमाला आणि प्रकाशाच्या विखुरण्याला चिकटलेलं आहे, पण असली रोजच्या गरजेची कामंही त्यांनी कमी मानली नाहीत. १९०५ ते १९०८ ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते आणि १९०८ पासून अखेरपर्यंत केंब्रिजचे कुलपती. ३० जून १९१९ रोजी टर्लिंगलाच त्यांचं निधन झालं. मागे चारशेहून जास्त शोधनिबंध राहिले.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब, असं ते मानत. त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२१ मध्ये, चंद्रशेखर व्यंकट रामन बोटीने युरोपहून परतताना समुद्र न्याहाळत होते. पाण्याचे रेणू स्वतःच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ताडलं, आणि बोट मुंबई बंदरात असताना त्यावरचं टिपण मासिकाला पाठवलं. रामन यांनी हत्यार वापरलं ते रॅले यांच्याच विचाराचं, फक्त हवेऐवजी पाण्यावर. या वाटेने पुढे रामन परिणाम सापडला.

गंमत म्हणजे पॉलिकार्बोनेटही रॅले यांच्या हयातीतच एकदा तयार झालं होतं. १८९८ मध्ये म्युनिकला आल्फ्रेड आइनहॉर्न यांनी ते बनवलं आणि उपयोग न दिसल्याने बाजूला ठेवलं. ते पुन्हा हाती लागलं १९५३ मध्ये, जर्मनीत बायर कंपनीच्या हरमान श्नेल यांच्याकडे, आणि पुढे काही दशकांनी गाड्यांच्या हेडलाइटवर आलं. तोवर रॅले यांचं पॉलिशवरचं व्याख्यान होऊन अर्धं शतक उलटलं होतं. पदार्थ बदलला, पण पाव तरंगलांबीचा नियम तसाच लागू आहे. पावसाळ्याआधी एकदा तुमच्या हेडलाइटवर पाणी मारून बघा.